दप्तरखान्यातून गेलेलं पान

"घराच्या नोंदीचं पान सकाळी होतं म्हणतात, मग दुपारी गेलं कुठे?" शिंपीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. घर वडिलोपार्जित आहे, असा दिराचा दावा होता. उद्या कोर्टात मालकीचा उतारा दिला नाही, तर अर्धं घर त्याच्या घशात जाणार होतं.

वहिनींनी मान डोलावली. खासगी तपासात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, चारचौघांत छातीठोकपणे सांगत. वहिनी मात्र त्यांना पिशवी धरायला आणत.

दप्तरखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची दारावर कसून झडती होत होती. आत छतापर्यंत कापडात बांधलेली दप्तरं होती. कारकून एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं दप्तराची सुरगाठ झटक्यात ओढत आणि तशीच एका हातानं पुन्हा बांधत.

"उतारा लिहायला बसणार, तोच साहेबांनी बोलावलं," ते म्हणाले. "दप्तर बांधून टेबलावर ठेवलं. परत आलो तर गाठ सुटता सुटेना, नख तुटलं. उघडलं तर पान गायब!"

"तेव्हा इथे कोण होतं?"

"हे दोघं. अजून बाहेर गेलेले नाहीत."

पहिला दलाल. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "बाई, माझ्या सदऱ्याची बटणंसुद्धा बायको लावते. मी कशाला या भानगडीत पडू?"

दुसरा शिंपीणबाईंचा दीर. "घ्या झडती! हवी तर दोनदा घ्या!"

झडतीत काहीच निघालं नाही. भावोजी कुजबुजले, "वहिनी, हा कारकुनाचाच उद्योग."

वहिनी बाजारात भाजी चाचपावी तशा गाठी चाचपत निघाल्या होत्या. कोपऱ्यातल्या खालच्या फळीपाशी त्या थांबल्या. "भावोजी, एवढं दप्तर सोडा."

भावोजी घामाघूम झाले. अखेर गाठ सुटली आणि परक्या कागदांत शिंपीणबाईंचं पान निघालं.

"झडती चुकवून पान बाहेर जाणं शक्य नव्हतं, म्हणजे ते इथेच होतं," वहिनी म्हणाल्या. "कारकुनांचा हात सुरगाठीवर बसलाय. निरगाठी इथे दोनच: पान काढलं त्या दप्तराला आणि लपवलं त्याला. आपण हात लावल्याचं कळू नये म्हणून चोरानं दोन्ही नीट बांधून ठेवली. पण निरगाठ आवळायला दोन धड हात लागतात. दलालांचा एकच आहे."

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. भावोजींना मात्र इतका अभिमान वाटला, की त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवून टाळ्याच वाजवल्या.

शिंपीणबाईंनी चष्मा पुसून पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. घर नवऱ्यानं विकत घेतलं होतं आणि तेही शिंपीणबाईंच्याच नावावर.

"दुसऱ्याच्या घरात राहते म्हणून इतकी वर्षं तुमची बोलणी खाल्ली," त्या दिराला म्हणाल्या. आवाज आता कापत नव्हता. "माडीवरचं तुमचं सामान संध्याकाळपर्यंत हलवा. मला तिथे मशीन मांडायचंय."