पत्रिकेतली बाबांची ओळ

नेरला घरीच मी लग्नपत्रिका बनवते. कॉम्प्युटर आठ वर्षं जुना आहे, पण त्याचा एकेक स्क्रू माझ्या ओळखीचा. म्हणून तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीच्या, खुशीच्या पत्रिकेवर अडून बसला तेव्हा मला आधी रागच आला.

फाइल संध्याकाळी सहाच्या आत यवतमाळच्या प्रेसला जायची होती. सगळं तयार होतं, फक्त बाबांच्या नावाआधी 'कै.' लावायचं राहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी बाबा अमरावतीच्या एसटीत बसले, ते परतलेच नाहीत. आई अजून कुंकू लावते. पण मुलाकडचे म्हणाले, काय ते एकदा स्पष्ट छापा.

"लिहून टाक वं, दिपाली," आई म्हणाली. "त्याच्यापायी पोरीचं लगन अडाले नको."

मी 'कै.' लिहिलं. स्क्रीन काळी झाली.

पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. कॅबिनेट उघडून पंख्यात अडकलेली रुई ब्रशने काढली. रॅम खोडरबरने घासून बसवली. पॉवर सप्लाय बदलला, फाइल नव्याने केली. दुपारचं जेवणही तसंच राहिलं. मी हट्टालाच पेटले होते. दोष कुठेतरी असतोच, एकेक गोष्ट वगळत गेलं की सापडतो.

तसंच केलं. वारलेल्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' खोडून पुन्हा लिहिलं. काही झालं नाही. आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्याही नावाआधी चाललं. मग शामकाकांच्या नावाआधी लिहून पाहिलं. काका बाहेर ओसरीवर चहा पीत होते. स्क्रीन काळी. नवरदेवाच्या नावाआधी लिहिलं. काळी.

चार वाजता बाबांच्या नावाआधी पुन्हा लिहिलं. काळी.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मला आनंदाने रडूच फुटलं.

"आई, लवकर ये! बाबा हायेत!"

कणकेचे हात घेऊन आई धावत आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, दोनदा. ती खुर्चीला धरून उभी राहिली. चष्मा स्वयंपाकघरातच राहिला होता.

"दाखव मले," ती म्हणाली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. चार बत्तीसला मी बाबांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं.

पंखा फिरत राहिला.

फाइल सेव्ह झाली.

"बंद तं नाही झालं," आई म्हणाली.

"थांब."

मशीन बिघडलं असेल, आता कुणाच्याही नावाआधी चालत असेल. तेवढंच असावं म्हणून मी तो शब्द तिथून काढला आणि माझ्या स्वतःच्या नावाआधी लिहिला.

स्क्रीन काळी झाली.

"पाह्य! झालं ना!" आई एकदम हसली. ते नाव बाबांचं नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग कीबोर्ड बाजूला सारला.

आई दारापर्यंत गेली आणि वळली.

"आज रात्री आतून कडी नको लावू," ती म्हणाली.