तिसरी हाक

चाकूरला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी सोयाबीनचं बियाणं चांगलं खपलं, म्हणून कंपनीने आम्हा दुकानदारांना जोडीने व्हिएतनामची सहल दिली. पोरीची दहावी तोंडावर आलेली, त्यामुळे माझी बायको सत्यशीला म्हणाली, "मी कुठं येऊ आता? तुमच्या मायला न्या. त्यांनी लातूरच्या पल्याड काय बघितलंय?" मला ते पटलं. मायचा पासपोर्ट काढला आणि गावभर सांगत फिरलो. विमानात बसेपर्यंत मला तिचा अभिमानच वाटत होता, हे आधी सांगून ठेवतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला जवळ बसवलं. "परमुलूख हाय, किसना. रातच्याला कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नगं. तिसऱ्या हाकेला द्यायची. जे माणूस नसतंय, त्याला तिसरी हाक मारता येत न्हाई."

"तिकडं मला किसना म्हणणारं कोण असणार, माय?" मी हसलो. तीही हसली.

हनोईला उतरलो तर झिमझिम पाऊस आणि हाडात शिरणारी थंडी. मायच्या अंगावर हिरवं लुगडं, वरून माझा जुना स्वेटर. नवे बूट चावत होते म्हणून तिने ते हातात घेतलेले, आणि त्या गुळगुळीत फरशीवरून ती अनवाणी चालत होती. बाकीच्यांच्या बायका जीन्स घालून फोटो काढत होत्या. मी नकळत तिच्या चार पावलं पुढे चालायला लागलो.

हॉटेल एका गल्लीत होतं, उंच आणि अरुंद. काउंटरशेजारी अगदी जमिनीलगत एक लाल देव्हारा होता. त्यात बारीक दिवे, संत्री आणि जळत्या उदबत्त्या. माय त्याच्यासमोर मांडी घालून बसली. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिने देवापुढे ठेवला.

"ऊठ ना," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"आपल्या वळखीचं हितं कुणी न्हाई. राखणीला असूदे ह्यो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कंपनीचे पुण्याचे साहेब पुढे आले. "किशनराव, या कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "गावातल्या आहेत एक. एकट्याच असतात, म्हणून आणलं सोबत."

माय हात जोडून तशीच बसली होती. तिने ऐकलं. उठताना मी हात पुढे केला, पण तिने काउंटरचा आधार घेतला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "कोणत्या खोलीत जायचं म्हणलात?"

जन्मात पहिल्यांदा तिने मला अहो-जाहो केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. दिवसभर ती आमच्या मागे अंतर ठेवून चालली. तळं बघितलं, बाजार बघितला. जेवताना ती वेगळ्या टेबलावर बसून घरचं धपाटं खात होती. खोलीत गेल्यावर पाय धरू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पण रात्री रेणापूरचा दुकानदार ज्ञानोबा, त्याने त्याच्या खोलीत पत्त्यांना बोलावलं आणि मी बॅग घेऊनच गेलो. खरं सांगायचं तर मायसमोर एकटं उभं राहायची हिंमत नव्हती.

डाव रंगला होता. बाहेरच्या स्कूटरचे आवाज हळूहळू थांबले. पाऊस तेवढा वाजत होता. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला.

"किसना…"

मायचा आवाज. अगदी दाराला तोंड लावल्यासारखा.

ज्ञानोबा पत्ते धरून थांबला. "तुमच्या गावची बाई हाका मारायलीय काय?"

"जाईल झोपायला," मी म्हणालो.

"किसना… दार उघड रे…"

फटीतून उदबत्तीचा वास आत आला. मी उठलो नाही. तिसऱ्या हाकेला उठू, मायनंच सांगितलंय, अशी मी मनाची समजूत घातली. तिसरी हाक आलीच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची आजही किळस येते. मी तिथेच आडवा झालो.

उजाडताना खोलीवर गेलो. माय खिडकीशी केस विंचरत होती, चेहरा हसरा. मी तिच्या पायांशी बसलो.

"माय, रात्री तू हाक मारलीस आणि मी…"

"मी कशाला हाक मारू? मी दाराबाहेर पाय न्हाई ठिवला. तूच मारल्यास की!"

"मी?"

"तीन हाका मोजल्या, मंग उघडलं. पाय धरून किती रडलास रे! चारचौघांत नाकारलं म्हणून. तेल लावून पाय चोळलेस. हाताला सारा उदबत्तीचा वास." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता पुन्हा कशाला ते? माफ केलं की रातीच."

माझी बॅग ज्ञानोबाच्या खोलीत होती, कुलूप लावलेली. नंतर उघडून बघितली, तर घरून भरून आणलेली तेलाची बाटली अर्धी झालेली. माझ्या दाराशी न आलेली तिसरी हाक मायच्या दाराशी आली होती.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की माय, तो मी नव्हतो. पण ती पुन्हा 'किसना' म्हणत होती. मला आयती माफी मिळाली होती. मी ती गुपचूप घेतली.

चाकूरला परत आल्यावर माय गल्लीत सगळ्यांना सांगू लागली, "परदेशात जाऊन पोरगा सुधरला. रोज रातच्याला पाय चेपतो." सत्यशीला माझ्याकडे कौतुकाने बघते. मी एकदाही चेपलेले नाहीत. सकाळी माय म्हणते, "काल लई येळ बसलास रे," आणि मी मान खाली घालून चहा पितो.

काल रात्री ठरवलं, आता सांगायचंच. खरं सांगून खरी माफी मागायची. तिच्या खोलीशी गेलो तर दाराला आतून कडी. आमच्या घरात उदबत्ती लावलेली नव्हती, पण फटीतून तोच वास येत होता. आत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. आवाज माझा होता.

"माय…" मी हाक मारली.

आतलं बोलणं थांबलं. मग माय कुजबुजली, घाबरलेली, पण मायेनं.

"ओ देऊ नगं, किसना. तिसरी येऊदे."

मी दुसरी हाक मारली. "माय… दार उघड…"

मग तिसरीसाठी तोंड उघडलं. उघडंच राहिलं. किती जोर लावला, पण घशातून आवाज निघाला नाही.