गळक्या मोटारीची दृष्ट

"पाय पुसून चढ," हिरामण म्हणाला.

जया पायरीवरच थबकली. तिच्याच अंगणात उभ्या असलेल्या मोटारीत तिनं पाय पुसून चढायचं? आणि सांगणारा कोण, तर मुंबईहून आलेला आतेभाऊ, ज्याला खेकडा कुठून धरायचा एवढंही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी बोट चाववून घेतलं होतं त्यानं.

पण मोटार होतीच तशी. लढाई संपली तेव्हा लष्करानं मोडीत काढलेली, जखमी सैनिकांना न्यायची गाडी आत्तोबांनी विकत घेतली आणि तिचं चक्क घर केलं. खाट भिंतीला टेकवलेली, ओढली की खाली यायची. खाटेखाली धान्याचे डबे, पुढे स्टोव्ह, खिडक्यांना विमलआत्यानं शिवलेले पडदे. आत्तोबा फोटोग्राफर. गावोगाव हिंडून फोटो काढायचे तर बिऱ्हाड मागे कशाला ठेवायचं, म्हणून त्यांनी मुंबईची खोलीच सोडून दिली. आणि गणपतीच्या सुट्टीत ही मोटार पळसदरीला जयाच्या घरी मुक्कामाला आली होती.

"मुनाफ, तळ्यावर खेकडे धरायला येतोस?" जयानं खालूनच विचारलं.

"उद्या जाऊ की," ड्रायव्हरच्या जागेवरून मुनाफ म्हणाला. "आज हिरामण मला गेर दाखवनार हाय."

उद्या! मुनाफचं हे रोजचंच झालं होतं. स्टेशनजवळच्या दुकानदाराचा हा मुलगा पहिलीपासून जयाचा दोस्त. पण मोटार आली आणि तो तिथंच चिकटला. धाकटी बहीण ठकीसुद्धा रात्री मोटारीत झोपायला जायची. बाबांनी पहिला मोदकही हिरामणच्याच ताटात वाढला. "बघा किती नीट बोलतो," असंही वर म्हणाले. जशी काही जया मुकीच होती!

जया ओट्यावर येऊन बसली आणि मोटारीकडे एकटक बघत मनातल्या मनात म्हणाली, 'गळू दे मेली.'

त्याच संध्याकाळी मोटार गळली.

पाऊस असा कोसळत होता की समोरचं झाड दिसेना. एकदम आत्याची हाक आली, सगळे धावले, बघतात तर खाटेवर टपटप पाणी. गादी भिजली, उशी भिजली. फोटोच्या कागदांचा एक डबा तर पार गेला.

"दृष्ट लागली गं माझ्या घराला," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली.

"लागनारच," नामाकाका म्हणाले. जयाचे हे काका, आणि गावातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे उपाय तयार. "सगळं गाव बघून जातंय. म्या तर तुमी आलात त्याच दिशी टपावर घोड्याची नाल ठोकली व्हती. येक पुरंना. थांबा."

पाऊस थांबल्यावर ते हातोडा घेऊन टपावर चढले आणि नालेशेजारी एक काळी बाहुली ठोकून आले.

दुसऱ्या पावसात मोटार दोन ठिकाणी गळली. काकांनी बाहुलीशेजारी बिब्ब्यांची माळ ठोकली. मग तर आत छत्री घेऊन बसायची पाळी आली.

"आता पुरे," आत्तोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे सगळे आणखीच घाबरले. "खालापूरला एकजण मोटार मागतोय. विसर्जन झालं की नेतो आणि देऊन टाकतो. विमल, तू आणि हिरामण इथंच राहा दादांकडे. मी कॅमेरा खांद्यावर टाकून पायी हिंडेन."

आत्या डोळ्यांना पदर लावून आत गेली. हिरामण मोटारीच्या चाकाला टेकून उभा राहिला.

आता हिरामण कायमचा जयाच्या घरात! मुनाफ त्याचा, ठकी त्याची, मोदक त्याचे. आणि हे सगळं केलं कुणी? तिनंच. तिचीच दृष्ट लागली होती. तिनं देवळीतला आरसा घेऊन स्वतःचे डोळे न्याहाळले. नेहमीसारखेच होते. पण दृष्ट काय डोळ्यांत दिसते थोडीच?

"ठके," तिनं हळूच विचारलं, "आता कुठे गळतंय गं?"

"स्टोव्हवर."

"खाटेवर नाही?"

"खाट कोरडी हाय. कालपासून सगळं पुढंच पडतंय. म्हणून आत्यानं स्टोव्ह बाहेर काढला." ठकी चणे खात होती. "मोटार फिरवली ना काल, विसर्जनाच्या मांडवाला जागा पायजे म्हणून. आता तिचं तोंड तळ्याकडं हाय."

जया उठून अंगणात गेली. तळ्याच्या बाजूला अंगण उतरतं होतं. आधी मोटारीची पाठ उताराला होती, तेव्हा पाणी मागे खाटेवर पडायचं. आता तोंड उताराला, तर पाणी पुढे. आता दृष्टीला कशाला लागतो उतार? उताराकडे जातं ते पाणी!

ती अशी धावली की मुनाफला धडकलीच.

"अगं, डोळं हायत का?"

"आहेत, आणि चांगले आहेत," जया म्हणाली. तेवढ्या बोलण्यानंही तिला हलकं वाटलं. "ऐका दोघं. पाणी शिरतं एकीकडे आणि पडतं दुसरीकडे. आत शिरून उताराकडे वाहत जातं."

हिरामणनं मान वर केली. "वर पत्रा आहे आणि आतून फळ्या. मधे पोकळी आहे खरी."

"आमच्या घरी कौल फुटलं की अब्बा दारं लावून घेतो," मुनाफ म्हणाला. "जिथनं कवडसा पडंल तिथं भोक."

तिघांनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि माना वर करून उभे राहिले. मिट्ट काळोख.

"कवडसा नाय," मुनाफ म्हणाला.

"फळ्या आहेत म्हणून सांगितलं ना आत्ताच."

"मग मला उभं कशाला केलंस?"

"तूच म्हणालास अब्बा असं करतात," हिरामण म्हणाला, आणि बऱ्याच वेळानं पहिल्यांदा हसला. जयालाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

बाहेर मांडवात आई गुलालाचं ताट झाकून ठेवत होती. जया त्या ताटाकडे बघतच राहिली.

"टपावर पाणी ओतायचं," ती म्हणाली. "पण रंगीत. शंका येईल त्या प्रत्येक जागी वेगळा रंग. आत ज्या रंगाचा थेंब पडेल, ती जागा चोर."

मुनाफ दुकानातून नीळ घेऊन आला. हळद आत्याच्या डब्यातली. गुलाल ठकीनं आणला, आणि कसा आणला ते कुणी विचारलं नाही. सकाळपासून उघडीप होती. जेवणं होऊन मोठी माणसं लवंडली होती. जया आणि हिरामण टपावर चढले, मुनाफ खालून तांबे देऊ लागला, आणि ठकीला आत पहारा करायला पाठवलं.

मागच्या सांध्यावर हळदीचं पाणी ओतलं. काही नाही. खिडक्यांच्या वर निळीचं ओतलं. ते बाहेरूनच ओघळून गेलं.

"आता कुठे?" हिरामणनं विचारलं.

टपाच्या मधोमध नाल, बाहुली आणि बिब्ब्यांची माळ रांगेत बसली होती. खाली मोठेमोठे खिळे. जयानं हिरामणकडे बघितलं. हिरामणनं जयाकडे बघितलं. जयानं गुलालाचा तांबा तिथं रिकामा केला. लाल पाणी खिळ्यांभोवती साचलं, आणि बघता बघता कमी व्हायला लागलं.

"अरे, पितंय ते," हिरामण कुजबुजला.

तेवढ्यात खालून आरोळी आली.

"रगत! माझं डोस्कं फुटलं!"

स्टोव्ह काढलेल्या जागी सतरंजी टाकून नामाकाका घोरत पडले होते. ठकीनं त्यांना उठवलं नव्हतं. तिचं म्हणणं असं की तिला फक्त बघायला सांगितलं होतं. काका नाकावरून लाल ओघळ घेऊन बाहेर पडले, मांडवातून आई धावली, आत्या आली, आत्तोबा धोतर सावरत आले.

"रक्त नाही, गुलाल आहे," जया टपावरून म्हणाली. "आणि दृष्टबिष्ट काही नाही. काकांचे खिळे आहेत."

आत्तोबा वर चढले. एक खिळा त्यांनी बोटानं हलवला, तो डुगडुग हलला. त्यांनी खाली बघितलं.

"नामा, पहिल्यांदा गळली ती तुझ्या नालेनं. मग तू औषध म्हणून आणखी भोकं पाडत गेलास. दृष्ट काढता काढता माझ्या मोटारीची चाळण केलीस की रे."

काका नाक पुसत राहिले. "म्हंजे दृष्ट नव्हतीच?"

"नव्हती," जया इतक्या जोरात म्हणाली की सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मग काम सुरू झालं. खिळे उपसले. ओल्या पत्र्यावर डांबर धरत नाही, म्हणून टप खडखडीत पुसला. डांबरात भिजवलेल्या चिंध्या भोकांत कोंबल्या, वर जाड ताडपत्रीचा तुकडा, त्यावर पुन्हा डांबर. गरम डबा धरून उभं राहायचं काम काकांना दिलं.

तुकड्याची कड दाबता दाबता हिरामण हळूच म्हणाला, "मी तुझ्यावर फार जळायचो."

"माझ्यावर? मोटार तर तुझी."

"मोटार काय, आज इथे, उद्या तिथे. कुणाशी दोस्ती झाली की निघायचंच. मुनाफ दिवसभर माझ्याजवळ बसतो आणि बोलतो कुणाबद्दल? जया असा खेकडा धरते, जया तशी पोहते. मग मी काय दाखवणार? गेर दाखवला."

जया आणखी जोरात कड दाबू लागली. कड तर कधीच चिकटली होती. "मी पण जळत होते. थोडी."

"थोडी?"

"बरीच."

संध्याकाळी ढग भरून आले. सगळे मोटारीत दाटीवाटीनं बसले. पाऊस टपावर ताशासारखा वाजू लागला. आत्यानं मुद्दाम खाट ओढून कोरडी चादर अंथरली होती. सगळ्यांच्या माना वर. ठकीनं नाक ओढलं तर तिलाही गप्प केलं.

पाऊस थांबला. चादर कोरडी. स्टोव्हची जागा कोरडी.

आत्यानं जयाला जवळ ओढून तिचे दोन्ही गाल धरले. "माझं घर वाचवलंस गं."

"मोटार खालापूरला जाणार," आत्तोबा म्हणाले, "पण विकायला नाही, फोटो काढायला. आणि पुढच्या जागेवर माझ्या शेजारी जया. जे आम्हाला सुचलं नाही ते हिला सुचलं."

बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आमची जया आहेच तशी." ते हिरामणकडे बघून म्हणाले नाहीत, तिच्याकडेच बघून म्हणाले.

"येवढं डोकं," नामाकाका काळजीनं म्हणाले. "पोरीला दृष्ट लागंल." आणि इकडेतिकडे शोधू लागले. "हातोडा कुठं ठेवला रं?"

हातोड्यावर मुनाफ बसला होता. तो जागचा हलला नाही.

विसर्जनानंतर मोटार खालापूरला निघाली, संध्याकाळी परत यायच्या बोलीवर. जया पुढे बसली, खिडकीतून कोपर बाहेर काढून, अगदी ऐटीत. मागे बसलेले मुनाफ आणि हिरामण कुठल्या तळ्यावर जास्त खेकडे, यावर भांडत होते. नाल आत्यानं सुतळीनं पुढच्या पट्टीला बांधली होती.

ओट्यावर ठकी उभी होती. ती हात हलवत नव्हती, गाल फुगवून मोटारीकडे एकटक बघत होती. ती नजर जयानं बरोबर ओळखली.

"आत्तोबा, थांबा," ती म्हणाली आणि दार उघडून थोडी सरकून बसली. "ठके, ये."

ठकी धावत आली आणि पायरीवर चढली.

"पाय," मागून हिरामण म्हणाला.

"राहू दे," जया म्हणाली आणि तिला आत ओढून घेतलं.