बिनकडीची खोली

चपला बाहेर काढाव्यात की पायात ठेवाव्यात, हे निवृत्ती मुनेश्वरांना ठरवता येईना. शेवटी त्या हातात घेऊनच ते आत आले. मागे त्यांची मुलगी होती, धम्मप्रिया.

"साहेब, माझ्या लेकीनं चोरी केली न्हाई. तेवढं सिद्ध करून द्या."

लातुरात ट्यूशनच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर विरूपाक्षचं गुप्तहेर कार्यालय होतं. एरवी तिथे लग्नाळू मुलांच्या चौकशीखेरीज काही घडत नसे. त्याचा मदतनीस मुकुल त्या वेळी कॉम्प्युटरशी भांडण्यात गुंतला होता.

"आली पुन्हा ही अँटिव्हायरसची बया! पूर्ण स्कॅन करा, पूर्ण स्कॅन करा. सकाळपासून डोकं उठवलंय."

"मग करून टाक एकदा. आठवडाभर तोंड बंद ठेवेल," विरूपाक्ष म्हणाला. "बसा, मुनेश्वर."

निवृत्ती किनवटकडच्या एका आश्रमशाळेत कामाठी होते, पोरांचं रांधायचं-वाढायचं काम. मुलगी बारावीला, हणमंतराव सरांच्या क्लासमध्ये. प्रत्येक चाचणीत पहिली. सरांनी फी माफ केली होती आणि त्याबदल्यात ती रविवारी सकाळी त्यांच्या घरी बसून पेपर टाईप करून द्यायची. गेल्या रविवारी तिने मेडिकलच्या सीईटीच्या आधीचा शेवटचा सराव पेपर टाईप केला. सोमवारी सकाळी त्याच्या प्रती मुलांच्या वसतिगृहात सापडल्या.

"सरांनी माईकवरनं चोर म्हणलं, साहेब. साऱ्या पोरांपुढं. गळ्यातलं ओळखपत्र ओढून घेतलं."

"तुला काय हवंय?" विरूपाक्षने मुलीला विचारलं.

"वर्गात परत बसायचंय. सीईटी तोंडावर हाय." ती थांबली. "पण चोर म्हणून न्हाई बसायचं."

मुकुलला तिची दया आली. पण त्याचा स्वभाव असा, की ज्याचं ऐकेल त्याचं त्याला पटायचं. बाप-लेकीचं पटलं, तसं तासाभरात सरांचंही पटायचं बाकी होतं.

हणमंतराव सरांनी घरी हसून स्वागत केलं. ज्याचे शेकड्यांनी विद्यार्थी डॉक्टर झालेत, तो गुप्तहेराला कशाला भिणार? त्यांनी दोघांना कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. एकांतात बोलावं म्हणून मुकुल दाराची कडी चाचपू लागला.

"शोधू नका," चहा घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या. "या घरात आतल्या एकाबी दाराला कडी न्हाई. माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपाच्या राती आई अन् भाऊ आतून कडी घालून झोपले होते. ते दार पुन्हा उघडलंच न्हाई."

एवढं सांगून त्या चहा ओतू लागल्या. सरांनी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर तीच 'पूर्ण स्कॅन करा'ची लाल पाटी आली. सरांनी बघितलं न बघितलं करून 'नंतर' दाबलं.

"रोजची कटकट. रविवारी संध्याकाळी पेपर तपासायला बसलो तेव्हाही हीच. कोण वाचत बसतं?"

"पुन्हा एकदा सुरू करता का? मला वाचायचीय," विरूपाक्ष म्हणाला.

सरांनी मुकुलकडे असं पाहिलं, की तुमच्या साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण केलं. विरूपाक्षने पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग एक कागद छापून दाखवायला सांगितलं. जुना प्रिंटर कर्र कर्र असा बोंबलायला लागला, की मुकुलचा चहा बशीत सांडला.

सरांचा मुलगा गंधार नम्र, नीटनेटका. वडिलांच्याच क्लासमध्ये शिकणारा.

"रविवारी दुपारी इथे कोण होतं?" विरूपाक्षने विचारलं.

"मीच होतो. बाबा क्लासला, आई झोपलेली. जेवण झाल्यावर मी पूर्ण स्कॅन लावलं, ते संध्याकाळपर्यंत चाललं. तेवढा वेळ मशीन पार अडकतं, काहीच करता येत नाही."

"स्कॅन पूर्ण झालं?"

"शंभर टक्के."

"क्लासमध्ये नंबर कितवा तुझा?"

"दुसरा."

"आता पहिला," सर कौतुकाने म्हणाले. हे मुकुलला आवडलं नाही. पण पटलंच नाही असंही म्हणता येईना.

मग व्यंकटला बोलावलं. तो क्लासवर नवीनच लागलेला शिपाई.

"रविवारी दुपारी मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठिवायला आलतो. गंधारभाऊ दारातच म्हणले, स्कॅन चालू हाय, आत यायचं न्हाई. आतून कर्र कर्र वाजून राहिलं होतं. लई मोठं स्कॅन असंल."

सगळे हसले. मुकुलही हसला, आणि विरूपाक्ष हसत नाही हे दिसल्यावर खोकला आल्यासारखं केलं.

"हिशेब सरळ आहे," सर म्हणाले. "दुपारभर मशीन अडकलेलं, संध्याकाळी मी स्वतः बसलेलो. उरली सकाळ. सकाळी ती मुलगी इथे एकटीच होती."

"सरळ आहे खरा," विरूपाक्ष म्हणाला. "मुनेश्वर आणि त्यांची मुलगी खाली रस्त्यावर थांबलेत. त्यांना वर बोलवा. आणि घरातलं कुणी जाऊ नका."

खोलीत माणसं दाटीवाटीने उभी राहिली. निवृत्तींच्या चपला पुन्हा हातातच होत्या.

"गंधार, तुला दुपारभर या खोलीत एकांत हवा होता," विरूपाक्षने सुरुवात केली. "दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस कडी लावतो. इथे लावायला कडीच नाही. तेव्हा लोकांना बाहेर ठेवायचं तर काहीतरी सबब हवी. तू स्कॅनची काढलीस."

"सबब नव्हती. स्कॅन खरंच—"

"पूर्ण स्कॅन झालं, की ही पाटी आठवडाभर येत नाही. ती रविवारी संध्याकाळीच सरांपुढे आली. आज बुधवार, आजही आली. आणि तिच्यात स्वच्छ लिहिलंय, की या मशीनवर पूर्ण स्कॅन एकदाही झालेलं नाही. तुम्ही सगळे न वाचता 'नंतर' दाबता. ती कधी कुणी वाचेल, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही."

गंधारने वडिलांकडे पाहिलं.

"बरं, स्कॅन करताना कॉम्प्युटर कर्र कर्र वाजत नाही. मघाशी काय वाजलं, ते सगळ्यांनी ऐकलंय. प्रिंटर. व्यंकट नवा, त्याला फरक कळला नाही. मशीन अडकलं होतं म्हणतोस, मग प्रिंटर काय छापत होता?"

व्यंकटने कपाळावर हात मारून घेतला. "आयला! अन् मी मोठं स्कॅन म्हणून राहिलो!"

"सकाळी हिने टाईप केलेला पेपर दुपारी तू छापलास आणि वसतिगृहात पोचवलास. विकण्यासाठी नाही. संशय हिच्यावर यावा आणि पहिला नंबर रिकामा व्हावा, यासाठी."

"ती गेल्याशिवाय मी कधीच पहिला आलो नसतो," गंधार म्हणाला. तेही नम्रपणे, पाणी मागावं तसं. मुकुलला त्या क्षणी त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

गोदावरीबाई भिंतीला टेकल्या. सर मात्र जागचे हलले नाहीत.

"तुम्हाला धक्का बसला नाही, सर," विरूपाक्ष म्हणाला. "बसेल कसा? रविवारी संध्याकाळी पाटी तुम्हीच बंद केलीत. ती आली म्हणजे स्कॅन झालेलं नाही, हे कळायला ती वाचावी लागत नाही. सोमवारी मुलाने स्कॅनची गोष्ट सांगितली, तेव्हाच तुम्ही ओळखलंत. आणि तरी माईक हातात घेतलात."

"सर, तुम्हाला सोमवारीच ठाऊक होतं?" धम्मप्रियाने विचारलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते निवृत्तींशी बोलू लागले. "हा क्लास उद्या गंधारला चालवायचाय. त्याचं नाव गेलं तर सगळं गेलं. तुमची मुलगी हुशार आहे, तिचं वर्ष मला बुडवायचं नाही. उद्यापासून येऊ दे, पहिल्या बाकावर बसू दे. मी वर्गात सांगेन, की तिने चूक कबूल करून माफी मागितली आणि मी माफ केलं. कबूल असेल तर बघा. नाहीतर परीक्षा एवढी तोंडावर असताना तिला दुसरा कुठला क्लास घेणार आहे?"

"हे चालणार नाही," मुकुल ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी अजिबात पटलं नव्हतं. "सगळ्या वर्गाला खरं—"

"साहेब, बस करा." निवृत्तींनी चपला खाली ठेवून हात जोडले होते. "तुमचं काम झालं. सरांची मेहेरबानी हाय. पोरी, पाया पड सरांच्या."

धम्मप्रिया बापाकडे बघत राहिली. मुकुलला वाटलं, आता ही सरांच्या तोंडावर नाही म्हणणार. तसं तिने म्हणावं, अशी त्याची फार इच्छा होती. त्याला कुठे डॉक्टर व्हायचं होतं?

ती वाकली. सरांच्या पायांना हात लावला.

"सांगा सर वर्गात," ती म्हणाली. "मागितली म्हणून सांगा."

रस्त्यावर आल्यावर मुकुल विरूपाक्षवर भडकला. "खरं काय ते आपल्याला माहीत आहे. आपण बोलायला हवं होतं."

"बोलून तिची जागा घालवायची? तिच्या जिवावर तुझं समाधान?" विरूपाक्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुल, काही कारण नसताना, क्लासवरून गेला. खिडक्या उघड्या होत्या. माईकवर सरांचा आवाज जड झाला होता. चुकलेल्या लेकराला पोटाशी धरणं हेच गुरूचं काम, असं ते सांगत होते. पहिल्या बाकावर धम्मप्रिया वही उघडून, मान खाली घालून बसली होती. तिच्या शेजारची जागा मुलींनी रिकामी सोडली होती.

सरांचं बोलणं संपलं, तसा अख्खा वर्ग उभा राहिला आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू लागला. सगळ्यात आधी उठला होता गंधार.