कॉम्प्युटरच्या खोलीतला शड्डू

पटलं तर घ्या, न्हाईतर सोडा. पर ह्ये माझ्या डोळ्यांदेखत झालंय. तवापासनं मी कुणाशी हात मिळवत न्हाय. लांबनंच रामराम.

रात नव्हती. भर दुपार हुती. दोन हजार सात साल, रविवार. कोल्हापुरात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी शिपाई हुतो. नाव सांगत न्हाय, मालकाचं मीठ खाल्लंय.

जागा मूळची तालमीची. पोरवयात मी तिथंच लाल मातीत लोळलोय. आमचा वस्ताद हंबीरराव. लई मायेचा माणूस. पर पायताण घालून कुणी हौद्यात, म्हंजे कुस्तीच्या मातीत, पाय ठेवला की संपलं. उचलून आपटायचा.

एक दिवस त्यो त्याच मातीत मेलेला घावला. मान मोडलेली.

कुणी मोडली... आजवर कळलं न्हाय.

तालीम बंद पडली, बिल्डिंग उभारली. माती कुणी उपसली न्हाय. वरनंच पांढरी फरशी घातली. आन् बरोबर त्या हौद्यावर कॉम्प्युटरची खोली आली.

आता बगा, त्या काळात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढायची रीत हुती. धूळ जाती म्हणून. आमची कॉम्प्युटर सांभाळणारी संयोगिता मॅडम तर मालकालाबी अनवाणी आत घ्यायची. म्हणून इतकी वर्सं काय झालं न्हाय. ह्ये मला मागनं उमजलं.

मॅडमनं नवा ब्राउझर घातला आन् सुट्टीवर गेली. झालं. हेड ऑफिसच्या साइटवरनं गाड्यांचा तक्ता उघडाय गेलं की नुसतं पांढरं पान... आन् कॉम्प्युटर जाग्यावर गार. सोमवारी गाड्या अडल्या असत्या. म्हणून शशिधर आला. निपाणीकडचा इंजिनिअर, लगीन ठरलेलं, तोंडभर हसू. पायात नवे बूट.

"बूट काढ की रं."

"मामा, आता कोण काढतंय? कॉम्प्युटर आता धुळीला भीत न्हाईत."

"मॅडम मला फाडून खाईल."

"पैलवान गडी तुम्ही, बाईला भिता व्हय?"

गेला की बुटासकट आत.

मी दारात स्टुलावर चहा घिऊन बसलो. "काय झालंय त्याला?"

"नवा ब्राउझर आन् जुनं ऑफिस सॉफ्टवेअर, दोघांचं जमंना झालंय. ब्राउझर तक्ता आपल्याच पोटात उघडाय बघतंय, ऑफिसला त्ये झेपंना."

"म्हंजे जोड चुकलीया. किडमिडं पोरगं आन् समोर गामा पैलवान."

"हां, तसंच की!"

त्यानं कायतरी सेटिंग बदललं आन् कॉम्प्युटर बंद केला. पंख्याची घरघर थांबली. सगळं गप...

थप्प.

उघड्या मांडीवर थाप पडल्यागत.

"मामा, शड्डू का ठोकताय?"

"मी कप धरलाय की दोन्ही हातांनी."

हसला. परत चालू केला. परत पांढरं पान. मग साइटला कसली तरी परवानगी दिली आन् परत बंद केला.

थप्प.

आता जवळनं. खोलीच्या आतनं.

आन् वास आला... हळद, लिंबू, ताक, तेल. मळलेल्या लाल मातीचा वास. 

"शशी, बाहेर ये."

"थांबा की. नवा काढून जुनाच ब्राउझर घालतो. जुन्याला जुना समजतो."

परत चालू केला, त्येच पांढरं पान. मग जुना घातला. क्लिक केलं. तक्ता उघडला!

"आला बगा मामा!" म्हणत त्यो वळला...

आन् खुर्चीवरनं वर उचलला गेला.

उचलणारं कोण न्हाय! पट्ट्याला धरून उचलल्यागत पोरगं अधांतरी. बूट हवेत झाडतंय. मग आपटला. फरशीवर दात उडाला. परत उचलला, लोखंडी कपाटावर हाणला. कपाटाचा पत्रा आत गेला. नाका-तोंडातनं रक्ताची धार. परत उचलला, परत आपटला.

मग पालथा दाबला. आन् त्याची मान... हळूहळू... फिराय लागली.

"अव्वाऽऽ!" पोरगं आईला हाक मारत हुतं. पोटावर पडून, नखं फरशीत रुतवून धरत हुतं.

ही पकड मला ठाऊक हुती. मानंवर गुडघा. वस्तादाचा गुडघा. पाठ लागंस्तवर त्यो सोडायचा न्हाय. आन् पोरगं जितकं पालथं धरून राहील, तितकी मान फिरणार.

कट्ट... हाड वाजलं.

"शशी! अंग सोड! पाठ टेकव!"

"मान... मामा... मान..."

"चीत हो लेका, न्हाईतर मरशील!"

त्यानं अंग सोडलं. उताणा झाला. दोन्ही खांदे फरशीला लागले.

सगळं थांबलं.

मी चपला फेकल्या, फरशीला कपाळ लावलं आन् आत गेलो. डोळ्यांत पाणी, नीट दिसंना. हात पुढं केला. "ऊठ पोरा."

हातात हात आला. जाड, खरबरीत, ओलसर. मी ओढला... हलंना. त्या हातानं माझा हात एकदाच करकचून आवळला. आन् सोडला.

मग मी डोळं पुसलं.

शशिधरचे दोन्ही हात त्याच्या मानंला हुते.

माझ्या पंजाला लाल माती लागलेली.

आमच्या पैलवानांत असा हात दिला-घेतला की कुस्ती ठरली. मागं सरता येत न्हाय.

पोरगं वाचलं. लगीनबी झालं, पर मान वाकडीच राहिली. कोल्हापुरात पाय ठेवत न्हाय. मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली.

आता सत्तरी पार झाली. परवा दुपारी घरातली लाइट गेली. पंखा थांबला. सगळं गप...

थप्प.

अजून त्यो आत आला न्हाय. पर येणार. पोराला पाठ टेकव म्हणाय सोपं हुतं हो. मी पैलवान हाय. आयुष्यभर पाठ लागू द्यायची न्हाय, येवढंच शिकलोय, आन् त्येबी त्याच्याकडनंच.

त्या वक्ताला अंग सोडाय जमंल का न्हाय...

मला सांगता येत न्हाय.