अर्धं शटर

प्रेरणाला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा गुडघ्यापर्यंतच होता.

वरचा भाग शटरच्या पलीकडं होता. त्या दिवशी भारत बंद होता, आणि गुलमंडीच्या बाजारात बंद पाळायची एक रीत आहे: शटर अर्धं खाली ओढायचं. पूर्ण उघडं ठेवलं तर बंदवाल्यांचा अपमान, पूर्ण लावलं तर गिऱ्हाइकाचा. अर्ध्या शटरनं दोघांचाही मान राहतो. फक्त माणसाला वाकावं लागतं.

गुडघ्याखालच्या माणसाच्या पायांत कंपनीचे काळे बूट होते. एका बुटाची नाडी काळी होती, दुसऱ्याची राणी कलरची. मॅचिंग नव्हतं. प्रेरणाच्या ते लगेच ध्यानात आलं, कारण दुकान तिच्या वडलांचं होतं आणि दुकानाचं नाव ‘आप्पासाहेब मॅचिंग सेंटर’ होतं. ब्लाऊज पीस, अस्तर, फॉल. पन्नास हिरव्यांतला एक हिरवा डोळे मिटून ओढायला ती शाळेत असल्यापासून शिकली होती.

बूट डावीकडं गेले. परत आले. थांबले.

“कुणी हाय का आत?”

“वाका,” प्रेरणा म्हणाली.

“काय?”

“वाकून या. बंद आहे.”

“बंद हाय तर येऊ कसा?”

“बंद आहे म्हणूनच वाकून. उघडं असतं तर सरळ आला असता.”

हे त्याला पटलं. तो वाकला, आत आला, आणि जरा लवकरच सरळ झाला. शटरचा जो आवाज झाला त्यानं समोरच्या पिंपळावरची कबुतरं उडाली. प्रेरणाचे खांदे एकदम दचकून वर गेले, हातातली कात्री खाली पडली.

तो कपाळ चोळत उभा राहिला. अंधारात त्याचे डोळे आधी दिसले… थोडे ओशाळलेले, थोडे हसरे. मग त्यानं खिशातून बोटभर चिंधी काढली.

“रामा कलर द्या. बहिणीच्या लग्नातल्या साडीवर पायजे. ती म्हणली, मोरपंखी आणला तर घरात घेणार नाय.”

रामा कलर हा कुठल्याही पुरुषाला आयुष्यात न दिसलेला रंग आहे. प्रेरणानं गठ्ठ्यातून पीस ओढला, कात्रीनं टोक मारलं, टर्रकन फाडला. नाव विचारलं नव्हतं तरी त्यानं सांगितलं: बद्रीनाथ. राहायला मुकुंदवाडी, कामाला चिकलठाण्याच्या कंपनीत. बहीण द्वारका. आजोबांना यात्रा काही घडली नाही, म्हणून त्यांनी धाम घरातच उभे केले.

“कंपनीला सुट्टी?”

“बंदच्या दिवशी कंपनीची बस येत नाय. देश चिडला की मला सुट्टी.”

तो वाकून निघून गेला. गल्लीभर सगळे गिऱ्हाईक तिला ‘ताई’ म्हणत. ऐंशी वर्षांच्या आजोबांपासून केळीवाल्यापर्यंत. हा एवढं बोलला, पण ताई काही म्हणाला नाही. प्रेरणानं ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवली नाही. ती आपोआप राहिली.

*

प्रेरणा खरं तर दिल्लीत शिकत होती. नोकरभरतीवरून आंदोलन पेटलं, होस्टेल रिकामं करायला लावलं, आणि ती एक बॅग घेऊन घरी आली. आंदोलन नेमकं कुणामुळं चिघळलं याबद्दल त्यांच्या घरात तीन मतं होती. तिन्ही आप्पासाहेबांचीच होती.

ती एकाच मोर्चात गेली होती. संध्याकाळी कुठंतरी काहीतरी फुटलं, रस्त्यावरची शटरं धडाधड खाली आली, आणि गर्दी पळायला लागली. तिची एक चप्पल तिथंच राहिली. तेव्हापासून शटरचा आवाज आला की तिचे खांदे स्वतःहून वर जात. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. सांगणार काय? चप्पल हरवली?

आणि इथं… इथं सगळं जिथल्या तिथं. शेजारच्या गल्लीत इमरती तळली जात होती. ते दुकानही अर्ध्या शटरचं, पण वासाला शटर नसतं. दुपारी अजान व्हायची, मग मारुतीच्या देवळातली घंटा, मग कुणीतरी चहा टाकायचं. आप्पासाहेब बंदच्या दिवशी शांतता कमिटीच्या बैठकीला जात. तिथं त्यांचं दर वेळी भांडण होई.

दिल्लीतली मैत्रीण श्रेया आंदोलनातच होती. तिचा फोन यायचा. मागं घोषणा, आवाज बसलेला.

“तुमच्याकडं काय चाललंय?”

“इमरती,” प्रेरणा म्हणायची, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची. देश रस्त्यावर आहे आणि आपण अस्तर फाडतोय. त्याहून वाईट म्हणजे, सकाळी दुकान उघडताना नव्या कापडाच्या खळीचा वास आला की तिला बरं वाटायचं. हे बरं वाटणं तिला चोरीच्या मालासारखं वाटे.

*

पुढच्या बंदला राणी कलरची नाडी पुन्हा शटरसमोर उभी राहिली.

“वाकू का?”

“वाका. सावकाश सरळ व्हा.”

बद्री आत आला आणि तोंड पाडून म्हणाला, “बहीण म्हणती, हे मोरपंखी दिसतंय.”

“शक्यच नाही.”

“तीच म्हणती. मी तर काय, मला दोन्ही हिरवंच दिसतंय.”

आता या धंद्याचा एक नियम आहे: ट्यूबलाईट खोटं बोलते. रंग दिवसाच्या उजेडात बघायचा. एरवी गिऱ्हाईक पीस घेऊन दुकानाच्या पायरीवर जातं. बंदच्या दिवशी पायरीवर उभं राहिलं तर दुकान चालू आहे हे देशाला कळतं. म्हणून मग दोघं शटरच्या आत उकिडवे बसले आणि हात तेवढे बाहेर काढले. त्याच्या हातात चिंधी, तिच्या हातात पीस. तोंडं अंधारात, हात उन्हात.

“बघा. काही फरक आहे?”

“हाय ना. तुमच्या हाताला शाई लागलीय.”

“रंगात विचारतेय.”

“रंगात… उन्हं जरा सरकू द्या. सांगतो.”

उन्हं सरकायला बराच वेळ लागला. ती काही घाईत नसतात. बाहेरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शटरखालून आलेले चार हात पाहिले, नमस्कार केला आणि पुढं गेला.

शेवटी प्रेरणानं दुसरा पीस फाडून दिला. आप्पासाहेब कमिटीतून परतले ते नेमके बद्री निघताना.

“येतो शेठ,” तो म्हणाला आणि वाकून गेला.

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. “हा पोरगा तुला ताई का म्हणत नाही गं?”

“विसरला असेल.”

“गुलमंडीत असं कुणी विसरत नसतं,” आप्पासाहेब म्हणाले आणि पेपर उघडला.

*

बंद वाढत गेले. द्वारकेचं लग्न जवळ येत गेलं, आणि तिला एकही हिरवा पसंत पडेना. आता देशात शांतता नांदावी असं बद्रीला मनापासून वाटे. पण एकदम नको.

एकदा तो आला तेव्हा त्याच्याजवळ चिंधी नव्हतीच. ऑइलची बाटली होती. त्यानं स्टूल ओढलं आणि शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत ऑइल सोडलं, कापडानं पुसलं, शटर दोनदा वर-खाली केलं.

आवाज आला नाही.

“हे कशाला?” प्रेरणानं विचारलं.

“शटर वाजलं की तुम्ही दचकता.” तो बाटलीचं झाकण लावत होता, नको तितक्या बारकाईनं. “पयल्या दिवशी मी आदळलो, तवा बघितलं. वाटलं मला लागलं म्हणून घाबरल्या. मग समोरच्या दुकानाचं शटर पडलं, तवा बी तसंच. म्हणलं, माझ्यासाठी नाय.”

प्रेरणानं शटर स्वतः एकदा वर-खाली करून बघितलं. मग तिनं त्याला चपलेची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी.

तो हसला नाही. “मग इथं बरं वाटतंय का?”

“वाटतं. तेच तर…” ती कापडाची घडी उगाच मोडून पुन्हा घालत म्हणाली, “तिकडं सगळे भांडतायत आणि मी इथं आरामात. इथं काहीच होत नाही.”

“व्हत नाय असं नाय,” बद्री म्हणाला. “होऊ देत नाय लोक. लई मेहनत लागती त्याला. ह्या गल्लीनं पूर्ण बंद शटरं बी बघितलीत, आज्याच्या टायमाला, दंगलीत. आत माणसं, बाहेर आवाज. त्याच्यापेक्षा अर्धं बरं. जो तो थोडा वाकतो.”

“आणि टेंगूळ येतं.”

“येतं की. पर एवढुसंच.”

*

मोर्चा गुलमंडीतून जाणार अशी बातमी आली तेव्हा दुकानात प्रेरणा, बद्री आणि मालनबाई होत्या. मालनबाई जुन्या गिऱ्हाईक. अबोली अस्तरासाठी सकाळपासून बसून. गल्लीतली शटरं खाली येऊ लागली. बद्रीनं दुकानाचंही ओढलं, वीतभर फट ठेवून. ते लोण्यासारखं आलं. प्रेरणाचे खांदे जागच्या जागी राहिले.

“मोर्चा येऊ दे, जाऊ दे,” मालनबाई म्हणाल्या. “माझं अस्तर फाड.”

घोषणा जवळ आल्या. फटीतून पाय दिसू लागले. कोल्हापुरी, सँडल, खेळायचे बूट, कॉलेजातल्या पोरींच्या मोजड्या. प्रेरणा श्वास धरून त्या पायांकडं बघत होती. पाय कधी पळायला लागतात ते तिला माहीत होतं… आधी एक पाऊल चुकतं, मग सगळी. बद्री तिच्या शेजारी उकिडवा बसला. हात धरला नाही. फक्त त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकेल एवढाच सरकला.

पाय पळाले नाहीत. एक जोडी मात्र दुकानासमोर थांबली. फटीत एका मुलीचं आडवं तोंड आलं.

“ताई, काळं कापड आहे का? फिती कमी पडल्या.”

प्रेरणाच्या तोंडून सवयीनं गेलं, “कोणतं काळं? निळसर, कॉफी, की गर्द?”

मुलगी गोंधळली. “निषेधाचं.”

“म्हणजे गर्द.”

ती कापड ओढतेय तोवर फटीबाहेर तपकिरी बूट येऊन थांबले. पोलिसाचे. मग खाकी गुडघे टेकले, आणि मुलीच्या तोंडाशेजारी एक मिशीवालं तोंड आडवं झालं.

“दुकान चालू आहे का?”

प्रेरणानं कापड पाठीमागं धरलं. मालनबाईंनी अस्तर पदराखाली घेतलं.

“चालू असंल तर…” हवालदारानं शर्टाच्या खिशातून चिंधी काढली. “ह्याला जुळणारा चिंतामणी कलर आहे का? मिसेस म्हणली, बंदोबस्त गुलमंडीतच आहे तर येताना घेऊन या.”

“काका, लाईन आहे,” मुलगी म्हणाली. “मी आधी.”

“घे बाई, घे. मला कुठं जायचंय? तुम्ही गेल्याबिगर मला बी जाता येत नाही.”

प्रेरणानं काळं फाडलं, मग चिंतामणी फाडलं. दोन्ही फटीतून बाहेर गेलं. हवालदारानं स्वतःचा पीस आधी उन्हात धरून बघितला, मग मुलीला विचारलं, “जुळतंय का गं?” तिनं दोन्ही तुकडे नीट पाहिले. “जुळतंय काका.” मग ती घोषणा देत पुढं गेली आणि तो तिच्या मागं.

प्रेरणा हसायला लागली. आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, थांबेनात. मालनबाई छताकडं बघू लागल्या. बद्रीनं जवळ पडलेला अस्तराचा तुकडा पुढं केला.

“पुसा. सुती हाय.”

“रंग जाईल त्याचा.”

“जाऊ द्या. नवा न्यायला परत यावं लागंल.”

त्या संध्याकाळी श्रेयाचा फोन आला. “तुमच्याकडं काय चाललंय?”

“मोर्चा निघाला. पोलिसानं चिंतामणी नेलं.”

प्रेरणानं सगळं सांगितलं. तिकडच्या घोषणा हळूहळू लांब गेल्या. मग श्रेया बसलेल्या आवाजात म्हणाली, “ए… मला दोन दिवस तिकडं येऊन झोपायचंय.”

प्रेरणाला त्या दिवशी लाज वाटली नाही. जिथं परत यायचं, ती जागा कुणाला तरी शाबूत ठेवायला लागते, दमलेल्यांसाठीसुद्धा.

*

बंद संपले. सरकार बोलणी करायला बसलं, होस्टेल उघडलं, प्रेरणाचं दिल्लीच्या गाडीचं, सचखंड एक्सप्रेसचं तिकीट निघालं. जायच्या दिवशी सकाळी शटर पूर्ण वर होतं आणि दुकानात ऊन गुडघाभर आलं होतं. आप्पासाहेब कोपऱ्यात पेपरमागं होते.

बद्री आला. डोक्यापासून पायापर्यंत, एकदम पूर्ण. दोघांनाही लाजल्यासारखं झालं. त्याच्या हातात पिशवी होती. त्यानं ती गादीवर ओतली. हिरवा, हिरवा, अजून हिरवा.

“कापलेला माल परत घेत नाही,” प्रेरणा म्हणाली. वर पाटीच होती.

“परत नाय करत. सांगायला आलो.” त्यानं घसा साफ केला. “द्वारकेचा ब्लाऊज… कवाच शिवून झाला. पयलाच पीस जुळला व्हता.”

“माहीत आहे.”

“माहीत?”

“आप्पांची पोरगी आहे मी. चुकीचा रामा देईन?”

“मग दर बारीला… फाडून का दिला?”

प्रेरणानं हिरव्या ढिगाकडं पाहिलं. “बंद होता,” ती हळूच म्हणाली. “आणि… उन्हं छान होती.”

मग तिनं एक पीस उचलला, टोक मारलं आणि दोन बोटं रुंदीची पट्टी फाडली. तिचे दोन तुकडे केले. एक त्याच्या हातात दिला, एक स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

“वर्ष आहे माझं शिल्लक. ते सोडायचं नाही.”

“सोडू बी नका.”

“दिवाळीला येईन. उजेडात लावून बघू. अजून जुळतंय का.”

“रंग उडला तर?”

“सुती आहे. दोघांचा सारखाच उडेल.”

बद्रीनं तुकडा घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग आप्पासाहेबांकडं वळून, आवाज शक्य तितका सरळ ठेवत म्हणाला, “येतो शेठ.”

पेपर खाली झाला नाही. पेपरमागून आवाज आला. “ए बद्रीनाथ. शेठ काय म्हणतोस सारखं?”

“मग?”

“मामा म्हण.”

मराठवाड्यात मामा कुणालाही म्हणता येतं. कंडक्टरला, हवालदाराला, चहावाल्याला. आणि सासऱ्याला. यातलं नेमकं कुठलं ते आप्पासाहेबांनी सांगितलं नाही. त्यांची याबाबतही तीन मतं असावीत. पण प्रेरणाचे कान राणी कलरचे झाले होते, आणि पेपर उलटा धरलेला होता.

“येतो… मामा,” बद्री म्हणाला.

शटर पूर्ण वर होतं. तरी जाताना तो वाकला.