ओल्या लालावर काळं

"ही अक्षरं माझ्या बाबांची आहेत," मुलगी म्हणाली. "आणि बाबांनी ती कधी छापलीच नाहीत."

तिनं टेबलावर एक निमंत्रणपत्रिका ठेवली. ग्राफिक डिझाइनचं मोठं प्रदर्शन, त्यात एक अख्खं दालन 'तिसरा मजला' या जुन्या बँडचं. पत्रिकेवर बँडच्या शेवटच्या पोस्टरचा फोटो होता. पिवळ्या कागदावर लाल जिना, आणि जिन्यावरून खाली उतरत येणारी काळी, जाड, हातानं काढलेली अक्षरं: 'तिसऱ्या मजल्यावरून, शेवटचं'.

मावशींनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्या बहिणीचा मुलगा, भाचेबुवा, हाताशी असे. गाडी चालवणं, चहा करणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही त्यांची कामं, असं मावशी लोकांना सांगत. कॉलेजात असताना भाचेबुवा या बँडसाठी वेडे झाले होते. फोटो पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि समोरच्या मुलीकडे पाहून लगेच विझला.

मुलगी सावकाश, पाठ केल्यासारखं सांगत गेली. तिच्या वडिलांना सगळे पेंटर म्हणत. एका गोदामाच्या तळघरात त्यांचं छपाईचं काम चाले. प्रत्येक रंगाला जाळीची एक वेगळी स्क्रीन. तिच्यावरून रबराच्या पट्टीनं रंग ओढायचा की खाली कागदावर छाप उमटतो. मग ती स्क्रीन आतल्या खोलीत नेऊन थिनरनं धुवायची. त्या खोलीला खिडकी नाही, फक्त भिंतीत एक्झॉस्ट पंखा.

गेल्या वर्षी बँड शेवटचा एकदा एकत्र येणार होता. पेंटरनी पिवळा रंग आधीच छापून वाळवला होता. लाल छापला त्या दिवशी ते घरी आले नाहीत, म्हणून मुलगी बघायला गेली. बाबा आतल्या खोलीत जमिनीवर पडलेले. डोक्याला मागून खोक, थिनरचा डबा उघडा, पंखा बंद. डॉक्टर म्हणाले, थिनरच्या वाफेनं गेले, खोक खाली पडल्यामुळे झाली. दोरीवर सगळे कागद पिवळे-लाल. काळं एकावरही नव्हतं. कार्यक्रम रद्द झाला.

"पंखा नेहमी लावत असत?"

"छापताना नाही. कागद फडफडतात. पण थिनरचा डबा हातात घेण्याआधी बटण दाबायचेच. मी लहानपणी त्या खोलीत नुसती डोकावले तरी ओरडायचे." ती थांबली. "म्हणून लोक म्हणतात की त्यांनी मुद्दाम बंद केला. आईलाही तेच वाटतं. वर्ष झालं, तिनं बाबांचा विषय काढलेला नाही. कुणी काढला तर उठून दुसऱ्या खोलीत जाते. मला पोस्टर नको, काही नको. बाबा आम्हाला सोडून गेले की नाही, तेवढं सांगा."

मावशींनी आणखी थोडंसंच विचारलं. लाल रंग वाळला होता का? नाही, तिच्या बाहीला लागला, तो अजून निघालेला नाही. वडिलांचे हात? तिनंच पुसले होते. नखांत लाल होतं, घासूनही राहिलं. दुसरा कुठला रंग? दुसरा कुठलाच नाही. हातमोजे ते कधी घालत नसत. आणि काळ्या अक्षरांची स्क्रीन?

"आतल्या खोलीत भिंतीला टेकवलेली होती. ओली होती, थिनरनं. तेव्हा काही सुचलं नाही. त्याच दिवशी घरी आणली, तेव्हापासून आमच्या पलंगाखाली आहे, चादरीत. बाबांचे शिष्य भेटायला आले, सगळ्या जुन्या स्क्रीन नेतो म्हणाले, तुमची अडगळ जाईल. आईनं भंगारात दिल्या म्हणून सांगितलं. तिला देववेना. मग आठवण म्हणून त्यांनी एक पिवळा-लाल कागद मागून नेला."

"हे शिष्य कोण?"

मुलीनं पत्रिकेच्या तळाशी बोट ठेवलं. प्रदर्शनाचे संयोजक.

"स्क्रीन बरोबर घे," मावशी म्हणाल्या. "चादरीसकट."

*

प्रदर्शन दुसऱ्या शहरात होतं. भाचेबुवांनी बँडचा जुना टी-शर्ट घातला होता. तो पोटावर इतका ताणला गेला होता की तिसरा मजला पहिल्या मजल्याहून रुंद दिसत होता. त्यांचं सोंग सोपं होतं: बँडच्या जुन्या वस्तूंच्या शोधात आलेला शौकीन. सोंग कसलं, ते खरंच बॅजेसच्या टेबलाशी रेंगाळत होते. शेवटी मावशींनी कोपराला धरून पुढं नेलं.

बँडचं दालन लांबट आणि थंड होतं. भिंतीवर पोस्टरं, काचेखाली कॅसेटची वेष्टणं, फाटकी तिकिटं, गाण्यांचे कागद. प्रत्येक वस्तूखाली छापील पाटी, आणि प्रत्येक पाटीवर 'अक्षररचना' या शब्दापुढं संयोजकांचं नाव. पेंटर कुठंच नव्हते. मुलगी एकेक पाटी वाचत गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"तुमच्या बाबांचं नाव आधीही नसायचं?" भाचेबुवांनी हळूच विचारलं.

"नाही. काम यांच्या स्टुडिओतून यायचं. बाबा म्हणायचे, अक्षर ओळखणारा ओळखतो."

टोकाला ते शेवटचं पोस्टर होतं, आणि शेजारच्या चौकटीत तुलनेसाठी एक नुसता पिवळा-लाल कागद. मावशींनी भिंग काढलं. भाचेबुवाही वाकले. पोस्टरवर काळं अक्षर लालावरून जात होतं तिथं त्याची कड पिसासारखी विस्कटली होती, आणि काळ्यात लालसर झाक उतरली होती. शेजारच्या कागदावर पिवळ्यावरचं लाल मात्र सुरीनं कापल्यासारखं होतं.

"कागद हलका आहे," भाचेबुवांनी निकाल दिला. "रंग फुटलाय."

"दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यातले आहेत."

"मग म्हाताऱ्याचा हात हलला असेल. ते बघा, खाली चौकटीची रेघसुद्धा अर्धवट आहे." पोस्टरभोवतीची काळी रेघ उजव्या कोपऱ्यात मधेच तुटली होती. तिथं बोटभर जागा कोरी होती, आणि कोऱ्या जागेच्या कडा सरळ होत्या.

"अरे, आज तुझे डोळे बरे चाललेत," मावशी म्हणाल्या. "डोकं पण चालू दे."

पिवळ्या-लाल कागदाचे मालक, एक संग्राहक, पांढरे हातमोजे घालून तिथंच घुटमळत होते. पोस्टरचा विषय काढताच त्यांच्या जिभेला धार आली. त्यांनी पेंटरना पहिली प्रत मागितली होती. पेंटरनी हसून सांगितलं होतं की पहिली प्रत घरी जाईल, बायकोनं मागितली आहे. पुढं ते गेले, आणि गोदामवाल्यानं तळघर रिकामं केलं तेव्हा संग्राहकांना हा अर्धा कागद मिळाला.

"आणि या साहेबांकडं पूर्ण पोस्टर," ते म्हणाले. "म्हणे मीच पूर्ण केलं, गुरूंना आदरांजली. मी काळ्यासाठी वर्षभर दारोदार फिरलो, हे स्टुडिओत बसून काळं करतात."

बँडची गायिका उद्घाटनाला आली होती आणि कंटाळून एका बाकावर बसली होती. आवाज गेलेला, नजर शाबूत. मुलीला पाहून ती उठली, तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. या खेपेला आपण स्टुडिओला वगळून थेट पेंटरकडे गेलो, असं तिनं सांगितलं. गेले त्या सकाळीच पेंटर फोनवर तिच्याशी बोलले होते.

"मी त्यांना दम दिला होता, या वेळी स्वतःचं नाव घाला, नाहीतर गाणार नाही. म्हणाले, घातलंय. कोपऱ्यात. तुझ्या आवाजाखाली माझं नाव, बघ कसं दिसतं ते." तिनं पोस्टरकडं पाहिलं. "कुठंय?"

तेवढ्यात संयोजक आले. सडपातळ, नीटस, बोलणं मऊ. मुलीला त्यांनी ताई म्हटलं, सरांच्या आठवणीनं डोळे टिपले. मावशींनी भाबडेपणानं विचारलं, की हे पोस्टर कसं तयार झालं. ते म्हणाले, ताईंनी दिलेल्या कागदावर काळी अक्षरं आपण सरांच्या वळणानं नव्यानं काढली, सर गेल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, आपल्या स्टुडिओत. सरांनी ती कशी काढली होती ते आपण पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तर आपण तळघरात पायही ठेवला नव्हता.

"अक्षर सुरेख आहे," मावशी म्हणाल्या. "पाट्यासुद्धा तुम्हीच केल्या?"

"एकूण एक."

"पाट्यांवर सगळीकडे 'तिसर्या' छापलंय. य च्या डोक्यावर र. आणि पोस्टरवर 'तिसऱ्या', अर्धा र य ला बिलगलेला."

संयोजक हसले. "संगणकावर तसं येतं कधी कधी. दोन्ही एकच. वाचणाऱ्याला कळतं."

"एकच नाही," मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "बाबा म्हणायचे, 'दऱ्यां'त माणूस पडतो आणि 'दर्या'त बुडतो. तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं त्यांनी."

*

दुपारी दालन जेवणासाठी बंद झालं. मावशींनी ठाण्यात एक फोन केला, भाचेबुवांना गाडीकडे पाठवलं आणि बाकीच्यांना पोस्टरपाशी थांबवून घेतलं. भाचेबुवा चादरीतली स्क्रीन घेऊन आले.

"दोन सेकंद उजेडाकडे धर," मावशी म्हणाल्या. "आणि मग पोस्टरच्या काचेवर टेकव."

जाळीत अक्षरं दिसत होती. काचेवर टेकवताच ती खालच्या अक्षरांवर बसली. वळणावर वळण, टोकावर टोक. फरक एकाच जागी होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात, चौकटीच्या रेघेला लागून, पेंटरांचं नाव होतं. पोस्टरवर तिथं कोरी जागा होती, सरळ कडांची.

"छापताना नावावर चिकटपट्टी लावली, की नाव उमटत नाही," मावशी म्हणाल्या. "बरोबर रेघेचा तुकडाही जातो. नव्यानं काढणारा माणूस रेघ तोडेल कशाला? हे पोस्टर याच स्क्रीननं छापलंय. आणि ही स्क्रीन पेंटर गेल्यापासून त्यांच्या घराबाहेर आज पहिल्यांदा आली."

संयोजकांनी ओठ ओले केले. "मग सरांनीच छापलं असेल. आधी कधीतरी."

"लाल छापल्याशिवाय त्यावर काळं छापता येत नाही, आणि लाल त्याच दिवशी छापलं. हिच्या बाहीला लागलं तेव्हा ते ओलं होतं. या पोस्टरवर काळं लालात फुटलंय, म्हणजे लाल ओलं असतानाच कुणीतरी वर काळं ओढलं. पिवळं पूर्ण वाळवून मगच लाल घेणारा माणूस असं करणार नाही. घाईत असलेला करेल. तुम्ही म्हणता कित्येक आठवड्यांनी. तोवर लाल खडखडीत वाळलं असतं, शेजारच्या कागदावर हवं तर बोट फिरवून बघा."

संग्राहक आपल्या कागदापुढं आधीच आडवे उभे राहिले होते.

"शिवाय पेंटरांच्या नखांत फक्त लाल होतं. त्यांनी काळ्याला हात लावलेला नाही. तरी काळी स्क्रीन थिनरनं धुतलेली होती. दुसऱ्या कुणीतरी ती वापरली, मग धुतली, आणि ती न वापरल्यासारखी ठेवून एकच प्रत घेऊन गेला. ती प्रत भिंतीवर आहे आणि ती मी काढली असं तुम्ही स्वतः सांगितलंत. तुमच्या हातानं काढलेलं असतं तर 'तिसऱ्या'चा र डोक्यावर चढला असता."

भाचेबुवांनी स्क्रीन काचेवरून उतरवून चादरीवर ठेवली.

"आता पंखा," मावशी म्हणाल्या आणि मुलीकडं पाहून थांबल्या. "पेंटर लाल स्क्रीन धूत होते, तेव्हा पंखा चालू होता. भांडण तिथं झालं. नावावरून. त्यांना धक्का बसला की ते घसरले, ते हेच सांगू शकतील. मग यांना छापायचं होतं. पंखा चालू असला की कागद फडफडतात, म्हणून पंखा यांनी बंद केला. स्क्रीन धुताना पुन्हा लावला नाही. तुझ्या बाबांनी ते बटण दाबलेलं नाही."

"मला वाटलं ते गेले," संयोजक म्हणाले. मऊपणा सगळा गळून गेला होता. "रक्त दिसलं. हलत नव्हते. नाव काढा म्हणून मी हात जोडले होते. माझी सगळी ओळख त्या अक्षरांवर होती. ते म्हणाले, तुला इतकी वर्षं दिली, आता पुरे. एवढं म्हणून पुन्हा स्क्रीन धुवायला लागले. मी नुसतं ढकललं."

"आणि मग पोस्टर छापलंत."

"ते वाया गेलं असतं," संयोजक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मावशींना आणखी काही सांगायचं नव्हतं, हे भाचेबुवांना दिसलं. त्यांनी मनातल्या मनात जोडून पाहिलं. डॉक्टर म्हणाले होते, वाफेनं गेले. वाफ साचली पंखा बंद झाल्यावर. म्हणजे पंखा बंद झाला तेव्हा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा निष्कर्ष बरोबर होता, आणि तो चुकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मुलीनंही तेच जोडलं होतं. "श्वास चालू होता," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर रंग ओढत होता, तेव्हा बाबा श्वास घेत होते. मग तुम्ही त्यांना ओलांडून आत गेलात आणि स्क्रीन धुतलीत."

संयोजक खाली बसले. गायिकेनं तोंड फिरवलं. पोलीस आले तेव्हा त्यांना उठवायला दोघं लागले.

*

परतीचा निम्मा रस्ता मागं पडला. मग मावशी पुढच्या सीटवरून मागं न वळता म्हणाल्या की आईला सगळंच सांगायला हवं असं नाही. पंख्याचं सांगितलं तरी पुरे.

"सगळं सांगणार," मुलगी म्हणाली. "वर्षभर ती त्यांच्यावर रागावून बसलीय. तिला अर्धं सांगून चालणार नाही."

तिनं फोन लावला. भाचेबुवांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तिनं काही न गाळता, न वाढवता सांगितलं. पलीकडून हुंदका नाही, प्रश्न नाही. फोन कट झाला असं वाटून तिनं कानापासून काढून पाहिला.

मग पलीकडून आईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू येण्याइतका स्पष्ट.

"म्हणजे त्या दिवशी ते घरी येणार होते?"

"हो आई," मुलगी म्हणाली. "येणार होते."